छोट्या अंगणात मॅग्नोलिया : थंडीत टिकणारा आणि बुटका कुठला घ्यावा?

रानजाई :

नमस्कार मंडळी. आम्ही नेपरव्हिलला असतो (शिकागोचं उपनगर), गेल्या वर्षी टाऊनहाऊस सोडून स्वतंत्र पण छोट्याशा घरात आलो. पुढे लॉनचा जेमतेम १५ बाय २० फुटांचा तुकडा, मागे पॅटिओ आणि लगेच कुंपण. पुढे आधीच्या मालकांचं एक मरतुकडं झाड होतं ते काढून टाकलं, आणि आता तिथे मॅग्नोलिया लावायचा असा माझा हट्ट आहे. इकडे एप्रिलमध्ये अजून सगळं भुंडं असतं, एकाही झाडाला पान नसतं, आणि तेव्हा हा गडी पानाबिनाची वाट न बघता अंगभर फुललेला असतो. लाइलच्या मॉर्टन आर्बोरेटममध्ये (वृक्षोद्यानात) बघून आल्यापासून डोक्यातून जातच नाहीये.

तर प्रश्न असे की १५ फुटांच्या वर न जाणारा कुठला मिळेल, आमच्या थंडीत टिकेल ना (थंडीच्या नकाशातल्या झोन ५बी आणि ६एच्या सीमेवर आहोत), घराचं तोंड दक्षिणेला आहे तर भिंतीच्या उबेला लावू का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, वास येतो का हो सोनचाफ्यासारखा? शेवटी चाफ्याचाच भाऊबंद ना तो.

नवऱ्याचं म्हणणं आहे की एक छानसा पेअर लाव आणि मोकळी हो. त्याच्याकडे दुर्लक्ष करावे.

बागुलबुवा_एनजे :

पेअरकडे नक्की दुर्लक्ष करा, इकडे शोभेला लावतात त्या ब्रॅडफर्ड पेअरच्या फुलांना सडक्या मासळीचा वास येतो आणि जरा वारा सुटला की फांद्या उभ्या चिरतात.

आता मॅग्नोलिया. रस्तोरस्ती गुलाबी कपांसारखी मोठी फुलं दिसतात तो सॉसर मॅग्नोलिया, सुलांजियाना. १८२० च्या सुमारास पॅरिसजवळ सुलांज-बोदां नावाच्या गृहस्थांनी दोन चिनी जातींचा संकर केला त्यातून आलेला. दिसतो राजा, पण २०-२५ फूट उंच आणि तितकाच रुंद होतो. तुमच्या तुकड्यात लावलात तर दहा-पंधरा वर्षांनी खिडकीतून फक्त फांद्याच दिसतील आणि मग लोक त्याला करवत लावतात, ते बघवत नाही. तो नको.

तुमच्यासाठी दोनच घराणी. एक स्टार मॅग्नोलिया (स्टेलाटा), मूळचा जपानचा, इसे आखाताच्या आसपास ओलसर जागी उगवणारा. पांढऱ्या अरुंद पाकळ्या, १२ पासून पुढे कितीही. 'रॉयल स्टार' म्हणून त्याचा प्रकार आहे त्याला २५-३० पाकळ्या असतात आणि तो साध्या स्टारपेक्षा आठवडाभर उशिरा फुलतो. वाढ अगदी संथ, उंची १०-१५ फूट, तीही बऱ्याच वर्षांनी.

दुसरं घराणं म्हणजे 'मुली'. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये १९५० च्या दशकात द व्होस आणि कोसार या दोघांनी लिलिफ्लोरा (जांभळ्या फुलांची जात) आणि स्टेलाटा यांचे संकर केले, त्यातले आठ निवडले आणि सगळ्यांना मुलींची नावं दिली : अ‍ॅन, बेटी, जेन, जूडी, पिंकी, रँडी, रिकी, सूझन. नर्सरीत 'लिटल गर्ल' मालिका म्हणून विचारा. जांभळट गुलाबी फुलं, झुडपासारखी बुडापासून तीन-चार खोडं, ८ ते १५ फूट. यांचा खरा गुण म्हणजे स्टारपेक्षा दोन ते चार आठवडे उशिरा फुलतात. तुमच्या शिकागोत तोच गुण कामाला येणार.

मातीचे_पाय (मिनियापोलिस) :

बागुलबुवांनी शेवटच्या वाक्यात जे सांगितलं ते ठळक करून घ्या. झोनचा आकडा बघून लोक फसतात. झोन म्हणजे हिवाळ्यातल्या सगळ्यात थंड रात्रीचा सरासरी हिशोब, झाड जिवंत राहील का एवढंच तो सांगतो. फुलं बघायला मिळतील का याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही.

स्टार मॅग्नोलिया झोन ४ चा, म्हणजे उणे ३० फॅरनहाइटपर्यंत तगून राहतो. ३० जानेवारी २०१९ ला तुमच्या ओहेअर विमानतळावर उणे २३ होतं, आठवत असेल, तेव्हा त्या रात्री केसाळ टोपी घालून बसलेल्या बंद कळ्यांनी तेही काढलं. पण एप्रिलमध्ये चार दिवस ६५-७० झालं, टोप्या फाटल्या, पाकळ्या बाहेर आल्या, आणि मग एका रात्री पारा नुसता २८ पर्यंत उतरला (शून्य सेल्सियसच्या जरा खाली) तरी सकाळी सगळं झाड चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी. झाडाला काहीही होत नाही, ते आरामात पानं काढतं. तुमचं वर्ष मात्र गेलं. २०१७ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनला हेच झालं, अर्धी चेरी गेली आणि मॅग्नोलिया तर सगळेच करपले.

म्हणून निवडताना 'किती थंडी सोसतो' हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न 'कधी जागा होतो'.

रानजाई :

हे कुणीच सांगितलं नव्हतं! नर्सरीत तर टॅगवर झोन दाखवून मोकळे झाले. म्हणजे दक्षिणेच्या भिंतीची ऊब उलट वाईट?

मातीचे_पाय :

वाईटच. विटांची भिंत दिवसभर तापते, झाडाला वाटतं वसंत आला. तुमच्याकडे मे अर्धा होईपर्यंत दहिवराचा (गोठलेल्या दवाचा) भरवसा नाही, मदर्स डेच्या (मेचा दुसरा रविवार) आधी टोमॅटो बाहेर काढू नका म्हणतात ते उगाच नाही. भिंतीपासून ८-१० फूट लांब मोकळ्यावर लावा. घराच्या उत्तरेला किंवा पूर्वेला जागा असेल तर आणखी चांगलं, आठवडाभर उशिरा फुलेल.

स्लाऊकर_काकू :

पूर्वेला अजिबात नको गं रानजाई. आमच्याकडे इंग्लंडात पहिला नियम हाच शिकवतात, मॅग्नोलिया आणि कॅमेलिया पूर्वेच्या उन्हात लावायचे नाहीत. रात्री दव गोठलेलं असतं, सकाळी सात वाजता थेट ऊन पडलं की गोठलेल्या पाकळ्या झपकन वितळतात आणि काळ्या पडतात. हळूहळू वितळल्या तर बऱ्याच वाचतात. पश्चिमेला लाव, दुपारचं ऊन मिळेल.

माझ्याकडे 'लिओनार्ड मेसल' आहे, कोबस (आणखी एक जपानी जात) आणि स्टेलाटाचा संकर, ससेक्सच्या नायमन्स बागेत सापडलेला. बाहेरून गुलाबी, आतून पांढरट. हलकं दहिवर पडलं तरी स्टारपेक्षा त्याची फुलं जरा धीट असतात असा माझा अनुभव. सावकाश वाढतो पण शेवटी १५-२० फूट जाईल, तुझ्या मापाच्या थोडा वर.

कोपऱ्यातली_तुळस (मिसिसागा) :

दक्षिणेला नको, पूर्वेला नको, उत्तरेला ऊन नाही, पश्चिमेला वारा. मग लावायचं कुठे, गराजच्या छपरावर? 😀

बागुलबुवा_एनजे :

काकू, तुमचा नियम तुमच्या हवेसाठी बरोबर आहे. इंग्लंडात हिवाळा मवाळ, दहिवर हलकं, पाकळ्या काठावर असतात, त्यामुळे सकाळच्या उन्हाने फरक पडतो. शिकागोला पारा २५ पर्यंत उतरला की फूल रात्रीच संपतं, सकाळचं ऊन कुठून येतंय याची त्याला पर्वा उरत नाही. तिथे झाड उशिरा उठवणं हाच उपाय.

रानजाईंकडे पर्याय म्हणून एकच तुकडा आहे, तर त्यातल्या त्यात भिंतीपासून सगळ्यात लांबचा कोपरा घ्या, फक्त फुटपाथपासून आत, कारण रस्त्यावर हिवाळ्यात टाकतात ते मीठ मॅग्नोलियाला मानवत नाही. सहाएक तास ऊन मिळालं की भरपूर फुलेल. आणि जात उशिरा फुलणारी. मुलींमध्ये अ‍ॅन सगळ्यात आधी फुलते, जेन सगळ्यात शेवटी. मी तुमच्या जागी असतो तर डोळे मिटून जेन.

स्लाऊकर_काकू :

डोळे मिटून झाडं घेणाऱ्यांच्या बागा मी पाहिल्यात हो. जेन रुंद होते, हे पण सांगा तिला. उंची १०-१५ आणि रुंदी जवळपास तेवढीच. १५ फुटांच्या तुकड्यात मधोमध लागेल, कोपऱ्यात नाही. कोपराच हवा असेल तर अ‍ॅन, ती ८-१० फुटांतच राहते.

वसईकर :

वासाचा प्रश्न सगळे गाळून पुढे गेले. ताई, सोनचाफ्याची अपेक्षा ठेवू नका, पदरी निराशा येईल. स्टारला मंद वास असतो, जवळ नाक नेल्यावर कळणारा. मुलींनाही असतो थोडा. पण सोनचाफ्याचं एक फूल खिशात टाकलं की लोकलचा डबा घमघमतो, तसलं काही नाही. आमच्या वसईतून पहाटेच्या गाडीने टोपल्या दादरच्या फूलबाजारात जायच्या, अजून जातात, तो वास ज्याच्या नाकात बसलाय त्याला बाकी सगळं पाणीच लागतं.

नातं मात्र खरं आहे. सोनचाफा आधी मायकेलिया म्हणून वेगळा धरायचे, आता शास्त्रज्ञांनी त्याला मॅग्नोलियातच घातलाय, मॅग्नोलिया चंपका. कवठी चाफा पण याच कुळातला. देवळातला पांढरा चाफा मात्र नाही, तो कण्हेरीच्या नात्यातला.

वासच हवा असेल तर स्वीटबे बघा, व्हर्जिनियाना. अमेरिकेचाच आहे. लहान मलईरंगी फुलं जूनमध्ये येतात, लिंबासारखा वास, आणि जूनमध्ये फुलत असल्यामुळे दहिवराची कटकटच नाही. 'मूनग्लो' नावाचा प्रकार झोन ५ पर्यंत टिकतो. पाणी तुंबलेली जागाही त्याला चालते, जी बाकी मॅग्नोलियांना अजिबात चालत नाही. पण एप्रिलचा तो बिनपानाचा तमाशा त्यात मिळणार नाही, आणि उंचीत ऐकणार नाही तुमचं.

रानजाई :

वसईकर, डोळ्यात पाणी आणलंत. तमाशा हवाच आहे, त्यामुळे स्वीटबे बाद. सोनचाफा कुंडीत करता येतो का इथे?

वसईकर :

येतो, पण थंडीत घरात घ्यावा लागतो, दक्षिणेच्या खिडकीत. कलमी घ्या, बियांचा घेतलात तर फुलायला वर्षानुवर्षं वाट बघाल. इथे विषयांतर होतंय, वेगळा धागा काढा, तिथे मनसोक्त बोलू.

चिंचगुळ (पुणे) :

फोटो बघून मोह झालाय. पुण्यात हा स्टार का काय तो लागेल का? ऑनलाइन रोपं विकतायत लोक.

मातीचे_पाय :

नका घेऊ. याला हिवाळ्याची झोप लागते, थंडीचे आठवडे मोजल्याशिवाय कळ्या नीट उमलत नाहीत, आणि पुण्याचा एप्रिल त्याला भाजून काढेल. भारतात पानगळी मॅग्नोलिया बघायचा तर दार्जिलिंग-सिक्कीमला जा, तिथे कॅम्पबेली जात जंगलात उगवते, पानांच्या आधी थाळीएवढी गुलाबी फुलं. पण ते अक्राळविक्राळ झाड आहे आणि बियांपासून लावलं तर फुलायला वीस-पंचवीस वर्षं सहज घेतं. पुण्यात सोनचाफा लावा की, आम्ही इथे त्याच्यासाठी झुरतोय.

आता रानजाई, लावण्याबद्दल लिहितो, कारण मॅग्नोलिया मरतो तो बहुतेक वेळा थंडीने नाही, खड्ड्यात मरतो.

खणायच्या आधी ८११ ला फोन करा. इलिनॉयमध्ये 'जूली' म्हणून सेवा आहे, फुकट येऊन गॅस-वीज-केबलच्या लाइनींवर झेंडे लावून जातात. पुढच्या अंगणात तर हमखास काहीतरी जातं.

वसंतात लावा, शरदात नको. याची मुळं जाडसर, मांसल, दोरीसारखी असतात आणि त्यांना फाटे फार कमी, तुटली तर लवकर भरून येत नाहीत. शरदात लावलं की मुळं सावरायच्या आत जमीन गोठते. त्याच कारणाने एकदा लावलं की जागा बदलायची नाही, इथे बघू नाहीतर पुढच्या वर्षी तिकडे हलवू, असं याच्याबाबतीत चालत नाही.

खड्डा कुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोल मात्र कुंडीएवढाच. तुमच्याकडे चिकणमाती असणार. खड्ड्यात भरभरून कंपोस्ट आणि पीट टाकतात लोक, मग आजूबाजूच्या चिकणमातीतून पाणी निघत नाही आणि खड्ड्याचं टब होतं, मुळं कुजतात. निघालेली मातीच परत घाला, कंपोस्ट वरून पसरा. बुंधा जिथे मुळांकडे रुंदावतो तो भाग जमिनीच्या वर दोन-तीन इंच राहिला पाहिजे. कुंडीतल्या झाडाचा हा भाग बऱ्याचदा मातीखाली गाडलेला असतो, वरची माती बोटांनी खरवडून शोधा. बोटाला पहिलं जाड मूळ लागेपर्यंत खरवडायचं. मुळं कुंडीच्या आत गोल गोल फिरलेली असतील तर हलक्या हाताने सोडवा, नाहीच सुटली तर कापा.

मग लाकडाच्या चुऱ्याचं आच्छादन, दोन-तीन इंच, खोडाला न टेकता. बुंध्याला चिकटवून ज्वालामुखीचा ढीग करतात ते करू नका. पहिली दोन वर्षं पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा मुरेपर्यंत पाणी, रोज शिंपडणं नाही.

बागुलबुवा_एनजे :

एक पुरवणी. शिकागोकडची माती बहुधा क्षारीय, मॅग्नोलियाला किंचित आम्ल आवडते. पानं पिवळी पडली आणि शिरा हिरव्या राहिल्या तर समजा लोह मिळत नाहीये. आधी मातीची तपासणी करून घ्या, माती आम्ल करायला उगाच अंदाजाने गंधक ओतू नका.

छाटणी फुलं संपल्यावर लगेच, जूनच्या आत. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच तयार होतात, ऑक्टोबरमध्ये 'साफसफाई' केलीत तर पुढचा एप्रिल स्वतःच्या हाताने कापलात. तसंही याला फारशी छाटणी लागत नाहीच.

कोपऱ्यातली_तुळस :

मी फक्त एका गोष्टीसाठी लिहिते, मॅग्नोलिया स्केल. आमच्या झाडाखाली गाडी लावायचो, काच रोज चिकट व्हायची, धुतली की परत चिकट. पानं काळी पडायला लागली, गांधीलमाश्या घोंघावायला लागल्या. मला वाटलं बुरशी आहे, काळं पुसून काढत बसले. मग एक दिवस फांदीवरचे फुगवटे नखाने टोकरले तर ते सालीचे नव्हतेच, एकेक फुगवटा उचकटून हातात आला, मसुराच्या डाळीपेक्षा मोठा, तपकिरी-गुलाबीसर, काहींवर पांढरी पावडर. तो किडा आहे. रस पितो, चिकट पाणी सोडतो, त्यावर काळी काजळी धरते.

थोडे असतील तर हातमोजे घालून मऊ ब्रशने खरवडून काढा. जास्त असतील तर पानं गळलेली असताना, पारा गोठणबिंदूच्या बराच वर असताना हॉर्टिकल्चरल ऑइल फवारतात. पिल्लं ऑगस्टच्या शेवटी-सप्टेंबरमध्ये बाहेर पडतात, ती फार कोवळी असतात, तेव्हाही फवारा लागू पडतो. आमच्या ओंटारियोत २००९ पासून बागेसाठी बरीच रासायनिक कीटकनाशकं बंद आहेत, त्यामुळे तेल आणि ब्रश हीच आमची शस्त्रं. तुमच्याकडे मुळाशी ओतायची औषधं मिळतील, पण ती फुलात उतरतात, मधमाश्यांचा विचार करा.

घेताना नर्सरीतच फांद्यांची खालची बाजू बघून घ्या. आमचं झाड हा पाहुणा घेऊनच आलं होतं.

रानजाई :

बापरे. हे वाचून नवरा परत पेअर पेअर करायला लागलाय.

आणखी एक, दहिवराच्या रात्री चादर घालून फुलं वाचवता येतात का? शेजारची आजी करते म्हणे.

मातीचे_पाय :

झाड सहा फुटांचं असेपर्यंत येतात. चादर जमिनीपर्यंत आली पाहिजे, नुसती डोक्यावर टोपरं घालून उपयोग नाही, ऊब जमिनीतून येते. आतून ख्रिसमसच्या जुन्या बल्बांची माळ लावतात, त्याने दोन-चार डिग्री मिळतात. एलईडीची माळ लावू नका, ती तापतच नाही, फक्त शेजारी चौकशीला येतील. प्लास्टिक नको, जिथे टेकेल तिथे फूल जळतं. आणि सकाळी आठवणीने काढा. पारा फारच खाली गेला तर चादरही हात टेकते.

स्लाऊकर_काकू :

दर एप्रिलला पंधरा रात्री चादरी घालायच्या असतील तर झाड कशाला, बाळच आणा. उशिराची जात घे आणि झोप निवांत. चार वर्षांत एखादं वर्ष जाईल फुलांचं, जाऊ दे.

रानजाई :

अपडेट. जेनच घेतेय, मधोमध. काकू, तुमचं रुंदीचं मोजून बघितलं, दोरी लावून लॉनवर गोल आखला, बसतंय. पाच गॅलनच्या कुंडीतली आहे, दोन खोडं जाड आणि एक बारीक, फांद्या उलट्या करकरून बघितल्या, स्केल नाही. कॉलनीच्या असोसिएशनने एक फॉर्म भरून घेतला ज्यात 'प्रौढ झाडाचा रंग' असा रकाना आहे, मी 'हिरवा, एप्रिलमध्ये गुलाबी' लिहून दिलं. ८११ चे झेंडे लागले की खणते.

शेवटचा प्रश्न : खाली काही लावलं तर चालेल का? आच्छादनाचा नुसता तपकिरी गोल फार ओका दिसतो.

बागुलबुवा_एनजे :

नंतर खणणार असाल तर नको, मुळं अगदी वरवर असतात, दरवर्षी पेट्युनिया लावायला खुरपं घातलंत की प्रत्येक वेळी काहीतरी तुटणार. लावायचंच तर याच शरदात कंद, मुळं पसरायच्या आत, कडेकडेने. पुन्हा हात लावायचा नाही.

स्लाऊकर_काकू :

क्रोकस लाव, जेनच्या आधी फुलून जातील.

कोपऱ्यातली_तुळस :

क्रोकस खारी उकरून खातात हो, सोबत मॅग्नोलियाच्या मुळांशी पण खणून ठेवतात. डॅफोडिल लावा, विषारी असतो, खारी आणि ससे दोघंही तोंड लावत नाहीत. आणि सशांवरून आठवलं, पहिले काही हिवाळे खोडाभोवती बारीक तारेची जाळी गुंडाळा, दोन-अडीच फूट उंच, बर्फ साचला की ससे त्यावर उभे राहून वरची साल खातात.

रानजाई :

दोन-अडीच फूट जमिनीपासून की बर्फापासून?

मातीचे_पाय :

बर्फापासून. तुमच्याकडे नेहमी साचतो त्याच्या वर दोन फूट धरा. तीन खोडं आहेत तर प्रत्येकाला वेगळी गुंडाळत बसू नका, सगळ्यांना मिळून एकच गोल करा, आणि खालची कड दोन इंच मातीत दाबा, नाहीतर उंदीर खालून आत शिरतात.